बोर्गुंड येथील लांकडी ख्रिस्तमंदिर

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या कुंपणाचा एक खांब एका वाऱ्याच्या झोतासरशी मोडून पडला. खांब चांगला मनगटाहून जाड होता. वरचा भाग तपासून पाहिला तों टणक. जमिनींत पुरलेलें टोंक उकरून काढलें तों तेंही बरेंचसें शाबूत. कुजला होता तो मधला वीतभर भाग, म्हणजे जेथें माती संपते व हवा सुरू होते तेवढाच. लांकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओल पाहिजे आणि हवाही पाहिजे. खोल मातींत ओल असते पण हवा थोडी. वर हवा मुबलक, पण तेथें ओल फार काळ टिकत नाहीं. जमिनीच्या पृष्ठभागाशीं मात्र दोन्ही एकत्र नांदतात. तो खांब सरपणांत जाण्यापूर्वीं आम्हीं वर्गांत आणून ठेवला, आणि त्यावरूनच प्रस्तुत लेखाचा विषय सुचला. याच वीतभर कुजण्यावर तोड काढण्यांत नॉर्वे देशांतील सुतारांच्या कित्येक पिढ्या खर्चीं पडल्या; आणि ती तोड त्यांना सांपडली म्हणूनच त्या देशांत सुमारें साडेआठशें वर्षांचीं लांकडी ख्रिस्तमंदिरें आजही उभीं आहेत.

त्यांपैकीं जें सर्वांत कमी बदललेल्या स्थितींत राहिलें आहे त्याचें नांव बोर्गुंड. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यांतून सोग्ने नांवाची समुद्राची एक अरुंद खाडी सुमारें दोनशें किलोमीटर आंत शिरली आहे. तिच्या आंतल्या टोंकाकडे लेर्डाल नांवाचें डोंगरांमधील खोरें आहे. पश्चिम व पूर्व नॉर्वे यांना जोडणारा जुना घाटरस्ता याच खोऱ्यांतून वर चढतो. त्या वाटेच्या कडेला, लहानशा कुरणांत, काळपट तपकिरी रंगाची, छपरावर छप्पर चढत गेलेली ही इमारत उभी आहे. तिचें चित्र प्रथम पाहणाऱ्यास ती ख्रिस्ती लोकांचें उपासनामंदिर आहे असें सांगितल्यावांचून कळावयाचें नाहीं. आमच्या वर्गांतील एका मुलानें तर हा चीन देशांतील देवालयाचा मनोरा असावा असा तर्क केला! आम्ही त्याला हंसलों नाहीं. शिखरावर तोंडें वासून बसलेले सर्प पाहून दुसरा कोणता तर्क त्यानें करावयाचा?

या प्रकारच्या मंदिरांना तिकडे ‘स्ताव’-मंदिरें म्हणतात. स्ताव म्हणजे उभा खांब. नॉर्वेमध्यें ख्रिस्ती धर्म अकराव्या शतकाच्या सुमारास स्थिर झाला, आणि गांवोगांवीं मंदिरें बांधण्याची निकड उत्पन्न झाली. दगडी बांधकाम त्या लोकांना नवें व महाग होतें. लांकडाचें काम मात्र त्यांच्या हातचा मळ. ज्या लोकांनीं लांकडी गलबतें बांधून अटलांटिक महासागर ओलांडला त्यांना मंदिराची चौकट उभारणें कठीण नव्हतें. त्यांनीं खड्डे खणले, खांब पुरले, खांबांमध्यें उभ्या फळ्या बसविल्या आणि वर छप्पर घातलें. अशीं मंदिरें उभीं राहिलीं खरीं, पण कांहीं दशकांतच तीं पायाशीं कुजूं लागलीं. उर्नेस येथें आजच्या स्ताव-मंदिराच्या जमिनीखालीं विसाव्या शतकांत उत्खनन झालें, तेव्हां त्याहून जुन्या मंदिराच्या पुरलेल्या खांबांचे खळगे तेथें सांपडले. आमच्या कुंपणाच्या खांबाची जी गत तीच त्या खांबांची झाली होती.

यावर उपाय एका वाक्यांत सांगतां येतो: खांब जमिनींतून बाहेर काढा व दगडावर ठेवा. पण हें वाक्य जितकें सोपें तितकें काम सोपें नाहीं. जमिनींत पुरलेला खांब स्वतःच्या बळावर उभा राहतो, कारण माती त्याला सर्व बाजूंनीं धरून ठेवते. तोच खांब दगडावर नुसता ठेवला तर एक लहान मूल धक्का देऊन त्याला पाडूं शकेल. म्हणजे कुजण्यापासून सुटका करून घेतली कीं लगेच कोसळण्याचें भय उभें राहतें. हें दुसरें भय ज्या युक्तीनें दूर केलें ती युक्ति म्हणजेच स्ताव-मंदिराची सारी रचना होय, असें म्हटलें तरी चालेल.

फुलीगोळ्याच्या खेळांत पाटीवर जशा दोन उभ्या व दोन आडव्या रेघा काढतात, तशा चार जाड तुळया प्रथम दगडांच्या नीच जोत्यावर एकमेकींत खाचा पाडून बसविल्या. या तुळयांचीं टोंकें बाहेर निघालेलीं असतात. मधल्या चौकोनाच्या तुळयांवर उंच खांब उभे केले, आणि बाहेर निघालेल्या टोंकांवर बाहेरच्या भिंतींचे लांकडी उंबरे ठेवले. म्हणजे संपूर्ण इमारत एका लांकडी तराफ्यावर उभी राहिली. जमिनीशीं संबंध फक्त दगडांचा. बाहेरच्या भिंतीचे उंबरे, कोपऱ्यांतील खांब व माथ्यावरील तुळई यांची एकेका बाजूस एक चौकट झाली. उंबऱ्याला वरून व माथ्याच्या तुळईला खालून सलग खाच पाडून त्यांत उभ्या फळ्या सरकविल्या, आणि प्रत्येक फळीच्या एका कडेला जीभ व दुसऱ्या कडेला खाच ठेवून त्या एकमेकींत गुंतविल्या. लोखंडी खिळा जवळजवळ कोठेंच नाहीं. जोड आहेत ते लांकडी खुंट्यांचे. लांकूड पावसाळ्यांत फुगतें व उन्हांत आकसतें हें ज्याच्या घराचें दार कधीं अडकलें आहे त्याला सांगावयास नको. खिळ्यांनीं जखडलेली फळी अशा वेळीं तडकते. खाचेंत नुसती सरकविलेली फळी फुगते, आकसते, आणि जागच्या जागीं राहते.

पण चौकट तिरकी होण्याचें भय अजून राहिलेंच. सुतारकामाच्या वर्गांत आम्हीं हें प्रत्यक्ष करून पाहिलें. चार पट्ट्यांचा चौकोन चार खुंट्यांनीं जोडला आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलें; चौकोन मुकाट्यानें कलंडून शंकरपाळ्यासारखा झाला. मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पांचवी पट्टी तिरकी ठोकली; आतां दोन मुलें जोर करूं लागलीं तरी तो हलेना. बोर्गुंडच्या सुतारांनीं हेंच केलें आहे. आंतील उंच खांबांच्या मधल्या भागांत दोन आडव्या पट्ट्यांमध्यें तिरक्या फुल्या बसविल्या आहेत. हें मंदिर प्रेषित आंद्रिया याच्या नांवें अर्पण केलेलें आहे, आणि ख्रिस्ती चित्रकलेंत अशी तिरकी फुली हेंच आंद्रियाचें चिन्ह मानतात. तथापि फुल्या इतर प्रेषितांच्या मंदिरांतही आढळतात, तेव्हां त्या मुख्यतः कामाच्या गरजेनें आल्या हें उघड आहे. याखेरीज खांब व तुळई जेथें काटकोनांत मिळतात तेथें प्रत्येक कोनांत कमानीच्या आकाराचें एक लांकूड बसविलेलें आहे. हीं लांकडें सरळ फळीतून कापून काढीत नसत. झाडाचें खोड व मूळ जेथें मिळतें तेथें लांकूड आपोआपच वळलेलें असतें व त्याचे तंतूही वळणाबरोबर वळलेले असतात. असा भाग शोधून त्यापासून तीं घडवीत. आपल्या कोंकणांतील होडी बांधणारे मिस्त्री होडीच्या फांसळ्यांसाठीं वांकडी वाढलेली फांदी हिंडून हिंडून शोधतात, त्यांना या युक्तीचें मर्म तत्काळ कळेल.

लांकूड निवडण्यांतही असाच चोखंदळपणा होता. लांकूड चीड जातीच्या झाडाचें. थंड प्रदेशांत हें झाड फार सावकाश वाढतें, त्यामुळें त्याचीं वर्तुळें अगदीं दाट असतात आणि मधला गाभा राळेनें भरलेला व कठीण असतो. बांधकामाला शक्य तितका गाभाच घेत. बाहेरचें मऊ लांकूड तासून टाकीत.

आतां बाहेरून एक फेरी मारूं. सर्वांत खालीं, मंदिराच्या सभोंवार एक छप्पर घातलेली पडवी आहे. वाचकांना पडवीचें नवल वाटणार नाहीं. पण हिचें काम पाहण्यासारखें आहे. पावसाची झड मुख्य भिंतीवर व विशेषतः लांकडी उंबऱ्यांवर येऊं नये म्हणून ती आहे. लांबून आलेली मंडळी उपासनेची घंटा होईपर्यंत तिच्यांत थांबत असतील हें ओघानेंच आलें. पडवीच्या छपरावर बाजूच्या दालनाचें छप्पर, त्यावर मधल्या उंच दालनाचें, त्याच्याही वर एक लहान शिखर, अशीं एकाहून एक आंत सरकत गेलेलीं उतरतीं छपरें आहेत. हीं सर्व लांकडी कौलांनीं झांकलेलीं असून तीं कौलें माशाच्या खवल्यांप्रमाणें एकावर एक बसविलेलीं आहेत. बर्फ सांचून राहूं नये इतका उतार सर्वांना दिला आहे. खालच्या छपरांच्या टोंकांवर क्रूस आहेत आणि मधल्या उंच छपराच्या टोंकांवर ड्रॅगन नांवाच्या काल्पनिक सर्पाचीं मुखें आहेत. अशीं मुखें त्यांच्या पूर्वजांच्या गलबतांच्या नाळेवर असत. नव्या धर्माच्या मंदिरावर तीं कशाला ठेवलीं याविषयीं विद्वानांचीं मतें अनेक आहेत. दुष्ट शक्ति दूर राहाव्या म्हणून, हें मत विशेष प्रचारांत आहे. आम्हांस इतकेंच दिसतें कीं, ज्या सुताराला मुख कोरावयास येत होतें त्यानें तें कोरलें, आणि पाळकानेंही त्याला अडविलें नाहीं. पश्चिमेकडील दाराच्या दोन्ही बाजूंस वेली व सर्प एकमेकांत इतके गुंतलेले कोरले आहेत कीं, एका सर्पाची शेपटी शोधतां शोधतां बोट भलत्याच सर्पाच्या तोंडाशीं येतें.

आंत गेल्यावर प्रथम कांहींच दिसत नाहीं. मोठ्या खिडक्या नाहींत. अगदीं वर, छपराखालीं, भिंतीला लहान वाटोळीं भोंकें आहेत, त्यांतून उजेड येतो तेवढाच. मधल्या काळांत तेथें वेदीवर मेणबत्त्या जळत आणि लोक उभे राहून उपासना करीत. बसावयास भिंतीला लागून अरुंद बांक, तोही म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठीं. डोळे अंधाराला सरावले कीं खांब वर वर जातांना दिसतात, त्यांच्या माथ्यांवर कोरलेले मुखवटे दिसतात, आणि आंतून पाहणाऱ्याला गलबत उलटें घालून त्याखालीं आपण उभे आहों असा भास होतो असें पाहून आलेले लोक लिहितात.

भिंतींवर रूनी नांवाच्या जुन्या लिपींत कांहीं ओरखडे आहेत. एके ठिकाणीं मरियेच्या नमनाचे शब्द आहेत. दुसरे ठिकाणीं थोरिर नांवाच्या कोणा वाटसरूनें आपण या वाटेनें जात असतां संत ओलाफाच्या सणाच्या आदल्या सायंकाळीं हीं अक्षरें खोदलीं असें लिहून ठेवलें आहे, आणि पुढें तक्रार केली आहे कीं, दैव ठरविणाऱ्या नॉर्न देवतांनीं आपलें बरेंही केलें व वाईटही केलें, पण आपल्या वांट्याला कष्ट मात्र फार दिले. नॉर्न या ख्रिस्ती देवता नव्हेत. त्या जुन्या धर्मांतल्या. म्हणजे हा मनुष्य ख्रिस्ती संताच्या सणाला ख्रिस्ती मंदिराच्या दाराशीं उभा राहून आपल्या आजोबांच्या देवतांना दोष देत होता! भिंतींवर नांवें खोदणें ही वाईट खोड आहे, आणि आमच्या शाळेच्या बांकांवर तिचे पुरावे पुष्कळ आहेत. परंतु थोरिरची ही खोड नसती तर त्या काळच्या साध्या माणसाच्या मनांत काय चाललें होतें हें आम्हांस कधींच कळलें नसतें, हेंही कबूल केलें पाहिजे.

मंदिराचें वय कसें ठरविलें हा प्रश्न विद्यार्थी नेहमीं विचारतात. झाडाच्या खोडांत दर वर्षीं एक वर्तुळ वाढतें. पाऊसपाणी व ऊब अनुकूल असेल त्या वर्षीं तें रुंद, नसेल त्या वर्षीं अरुंद. एकाच प्रदेशांतील सर्व झाडांत ही रुंद-अरुंद वर्तुळांची मालिका सारखीच उमटते. आजच्या झाडापासून आरंभ करून जुन्या व त्याहून जुन्या लांकडांच्या मालिका एकमेकींस जुळवीत गेलें म्हणजे शेंकडों वर्षांचें एक पंचांगच तयार होतें. मग जुन्या तुळईंतील शेवटचें, सालीखालचें वर्तुळ त्या पंचांगांत कोठें बसतें तें पाहावयाचें. या रीतीनें बोर्गुंडचीं लांकडें इसवी सन ११८०–८१ च्या हिवाळ्यांत तोडलीं असें निघालें आहे. दंतकथा व अनुमान यांपेक्षां ही रीत किती भरंवशाची आहे याचें उदाहरण इंग्लंडांत आहे. एसेक्स परगण्यांतील ग्रीनस्टेड येथें ओकच्या उभ्या चिरलेल्या ओंडक्यांची भिंत असलेलें मंदिर आहे व तें अजून त्या गांवच्या मंडळीचें मंदिर आहे. तें सन ८४५ चें असें पुष्कळ दिवस मानीत; वर्तुळें मोजल्यावर तें १०६० नंतरचें ठरलें. दोनशें वर्षें एकदम कमी झालीं! त्याच्या ओंडक्यांचीं खालचीं टोंकें कुजलीं होतीं, म्हणून १८४८–४९ मध्यें तीं कापून टाकून विटांच्या जोत्यावर ओंडके बसवावे लागले. पुन्हां तोच वीतभर भाग.

सोळाव्या शतकांत डेन्मार्क व नॉर्वे या संयुक्त राज्यांत लुथरचा सुधारलेला पंथ राजाज्ञेनें सुरू झाला. आतां उपदेशाला महत्त्व आलें, म्हणून उपदेशपीठ आलें. लांबलचक उपदेश उभ्यानें ऐकवत नाहीं म्हणून बांक आले. बोर्गुंडचें उपदेशपीठ याच शतकांतलें आहे आणि वेदीमागील चित्रफलकावर १६५४ हें साल आहे. यापेक्षां अधिक सांगण्यासारखें या काळांत फारसें नाहीं.

खरें संकट आलें तें एकोणिसाव्या शतकांत, आणि तें कुजण्याचें नव्हतें, वाढीचें होतें. १८०१ च्या शिरगणतींत नॉर्वेची लोकसंख्या नऊ लक्षांच्या आंत होती. १८६५ मध्यें ती सतरा लक्ष झाली. मंदिरें मात्र शेंपन्नास उंबऱ्यांच्या गांवांसाठीं बांधलेलीं. १८५१ सालीं तेथें कायदा झाला कीं, प्रत्येक धर्मग्रामांतील मंदिरांत तेथील वस्तीपैकीं निदान तीन दशांश लोक मावले पाहिजेत. गणित सोपें आहे: हजार वस्तीच्या गांवाला तीनशें जागा. स्ताव-मंदिरांतील मधलें दालन आमच्या शाळेच्या दोन वर्गांहून मोठें नसतें. तेव्हां गांवांपुढें दोनच मार्ग राहिले; जुनें मंदिर वाढवावें, नाहीं तर पाडून नवें बांधावें. पुष्कळ गांवांनीं दुसरा मार्ग पत्करला. मध्ययुगांत या मंदिरांची संख्या हजाराच्या वर होती असा अंदाज आहे. आज नॉर्वेंत अठ्ठावीस उरलीं आहेत. सर्वच कांहीं या कायद्यानें गेलीं असें नाहीं. १३४९ च्या महामारीनें गांवेंच्या गांवें ओस पडलीं तेव्हां कित्येक गेलीं, कित्येक आगींत गेलीं, कित्येक सतराव्या-अठराव्या शतकांतच पाडलीं. तरी शेवटचा मोठा घाव याच काळांतला.

त्या गांवकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पुष्कळ पुस्तकांत तसें म्हटलेंही आहे. आम्हांस तें न्याय्य वाटत नाहीं. मुलाबाळांना घेऊन बर्फांतून दोन दोन कोस चालत यावयाचें, आणि आंत जागा नाहीं म्हणून पडवींत कुडकुडत उभें राहावयाचें. आंत गेलेल्यांनाही अंधारांत गीतांचें पुस्तक दिसावयाचें नाहीं. दर कांहीं वर्षांनीं डांबराचा व कौलांचा खर्च डोक्यावर. मंदिर हें उपासनेसाठीं आहे, उपासना मंदिरासाठीं नाहीं, असें त्यांतल्या एखाद्या कुणब्यानें म्हटलें असतें तर आम्हांस चटकन उत्तर देतां आलें नसतें. आणि तरीही जें पाडलें तें पुन्हां बांधतां येणार नव्हतें, हेंही तितकेंच खरें.

हें दुसरें सत्य ज्यानें प्रथम मोठ्यानें सांगितलें तो एक चित्रकार होता. योहान क्रिश्चन डाल हा मूळचा नॉर्वेंतील बेर्गेन शहरचा. तो जर्मनींत ड्रेस्डेन येथें चित्रकलेचा अध्यापक होता. त्यानें या मंदिरांचीं काळजीपूर्वक काढविलेलीं चित्रें १८३७ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं, व लांकडाच्या या कलेला युरोपांत तोड नाहीं हें लोकांच्या निदर्शनास आणलें. १८४१ सालीं व्हांग नांवाच्या गांवचें जुनें स्ताव-मंदिर लिलावांत निघालें. डाल यानें तें विकत घेतलें. तें नॉर्वेंतच दुसरीकडे उभें करावें म्हणून त्यानें खटपट केली, पण कोणी पुढें येईना. अखेर प्रशियाचा राजा चौथा फ्रेडरिक विल्यम यानें तें घेतलें. मंदिराचे सारे भाग सुटे करून जहाजानें स्टेटिन बंदरांत व तेथून बर्लिनला आणले. तेथें तें उभारावयाचें होतें, परंतु राजाचा बेत फिरला, आणि सायलेशिया प्रांतांतील डोंगरांत, जेथें जवळपास उपासनेची सोय नव्हती अशा एका वस्तीला तें देण्यांत आलें. २८ जुलै १८४४ रोजीं तेथें त्याची प्रतिष्ठा झाली. कित्येक भाग नादुरुस्त झालेले होते ते नवे करावे लागले, त्यामुळें आजच्या इमारतींत जुनें लांकूड थोडेंच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तो प्रांत पोलंडकडे गेला; त्या गांवाला आज कार्पाच म्हणतात, आणि तेथील लुथरन मंडळी अजूनही त्याच मंदिरांत उपासना करते. गांवाला नको झालेलें मंदिर दुसऱ्या देशांतल्या गांवाला हवें झालें, आणि जेथें तें जन्मलें तेथें त्याची जागा तेवढी राहिली.

व्हांगच्या या लिलावाचा एक परिणाम मात्र चांगला झाला. १८४४ मध्यें, डाल याच्याच प्रेरणेनें, नॉर्वेंतील प्राचीन स्मारकांच्या रक्षणासाठीं एक संस्था स्थापन झाली. बोर्गुंडच्या मंडळीनें १८६८ सालीं नवें मंदिर बांधलें. पण तें जुन्याच्या जागेवर नव्हे, त्याच्या शेजारीं. एवढ्यानें सारा फरक पडला. १८७७ सालीं जुनें मंदिर त्या संस्थेनें विकत घेतलें, व मागाहून घातलेले बांक, सज्जे इत्यादि काढून त्याला मध्ययुगीन रूप पुन्हां दिलें. जवळच एक सुटा लांकडी घंटाघर आहे. तोही तेराव्या शतकांतला असून तशा रचनेचा तेवढा एकच नॉर्वेंत शिल्लक राहिला आहे.

हल्लीं उपासना नव्या मंदिरांत होते. जुन्यांत नेहमींची मंडळी जमत नाहीं. तिकीट काढून पाहुणे येतात. याबद्दल आम्हांस थोडी खंत वाटते. उर्नेसचें मंदिर १९७९ सालीं युनेस्को या संस्थेच्या जागतिक वारशाच्या यादींत घेतलें गेलें, ही मोठ्या मानाची गोष्ट खरी. पण ज्या मंदिरांत बाप्तिस्मे व लग्नें होत नाहींत तें मंदिर आहे कीं पदार्थसंग्रहालय आहे असा प्रश्न कार्पाच येथील मंडळी आठवली म्हणजे मनांत येतोच.

लांकडाचा तिसरा शत्रु आग. फोर्टुन येथील स्ताव-मंदिर पाडलें जाऊं नये म्हणून १८८३ मध्यें बेर्गेनजवळ फांटोफ्ट येथें हलविलें होतें. ६ जून १९९२ रोजीं कोणी मुद्दाम लावलेल्या आगींत तें जळून खाक झालें. एका रात्रींत! त्याची प्रतिकृति १९९७ मध्यें पुरी झाली, परंतु ती प्रतिकृति होय. आतां या सर्व मंदिरांत आगीची सूचना देणारीं यंत्रें बसविलीं आहेत. २००१ पासून सुमारें पंधरा वर्षें नॉर्वेच्या सरकारनें अठ्ठावीसही मंदिरांची दुरुस्ती करविली. त्या कामांत जुन्या कुऱ्हाडीनें लांकूड कसें तासावें हें पुन्हां शिकावें लागलें. कारण करवतीनें कापलेल्या फळीवर पाणी मुरतें तसें तासलेल्या फळीवर मुरत नाहीं.

आणि डांबर. हें आपल्या रस्त्यावरचें डांबर नव्हे. चिडाचीं राळेनें भरलेलीं मुळें व बुंधे चिरून खड्ड्यांत रचतात, वरून मातीनें झांकतात, आणि आंत मंद आग लावून देतात. हवा कमी मिळाल्यानें लांकूड भडकत नाहीं. धुमसत राहतें, व त्यांतून काळपट, दाट, उग्र वासाचा रस पाझरून खालच्या पन्हळींतून बाहेर येतो. हा रस तापवून भिंतींना व कौलांना चोपडतात. आपल्याकडे होडीला तेल व राळ चोपडतात तसाच हा प्रकार. दक्षिणेकडच्या भिंतीवर ऊन अधिक, म्हणून तेथलें डांबर लवकर उडतें व तेथें तें अधिक वेळां द्यावें लागतें. हें काम एकदां करून संपत नाहीं. नॉर्वेच्या गुलातिंग नांवाच्या जुन्या कायद्यांत मंदिर राखणें हें तेथील लोकांचें कर्तव्य ठरविलें असून, कोपऱ्याचे खांब पडल्यास बारा महिन्यांच्या आंत नवें लांकूड जागेवर आणलेंच पाहिजे असें कलम आहे.

आमच्या कुंपणाच्या मोडक्या खांबाच्या जागीं या जूनमध्यें आम्हीं तीन नवे खांब बसविले आहेत. तिन्ही एकाच फांदीचे. पहिला नेहमींप्रमाणें मातींत पुरला. दुसरा तसाच पुरला, पण त्याला मातीच्या वर व खालीं वीतभर डांबर दिलें. तिसरा दगडावर ठेवलेल्या लांकडी उंबऱ्यांत खाच पाडून उभा केला व त्याला दोन्ही बाजूंनीं तिरके टेंकू दिले. पावसाळा संपल्यावर सातवीच्या मुलांनीं तिन्ही खांबांच्या बुंध्याशीं टोंचा लावून पाहिला व वहींत नोंद केली. पहिल्यांत टोंचा दोन सूत आंत गेला. उरलेल्या दोहोंत तो शिरला नाहीं. पुढील चार पावसाळ्यांच्या नोंदी त्या त्या वर्षींच्या अंकांत देऊं.